पटिंग खरंच वाईट आहे का? गोल्फ अ‍ॅपच्या आकड्यांवर वाचकांची प्रश्नोत्तरं

मागच्या अंकात शॉट ट्रॅक करणाऱ्या अ‍ॅप्सवर दोन परिच्छेद काय लिहिले, इनबॉक्स भरून गेला. बऱ्याच जणांनी प्रश्न न लिहिता थेट स्क्रीनशॉटच पाठवलेत, लाल-हिरवे गोल, टक्के, बाण, आणि खाली एकच ओळ, "याचं काय करू?" त्यातले निवडक इथे घेतोय. नावं छापत नाहीये, कारण हँडिकॅप (खेळाडूचा दर्जा सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) छापून आला की क्लबात लोक चिडवतात.

प्रश्न: मी पुण्यात खेळतो, रिटायर्ड आहे, हँडिकॅप १८ च्या आसपास. अ‍ॅपमध्ये दर राउंडला तेच दिसतं, ३५ पट्स (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, मारलेले फटके), कधी ३६. टीव्हीवरचे प्रो २८-२९ मध्ये आटपतात. म्हणून बरेच महिने नुसतं पटिंग ग्रीनवर उभा राहिलो, नवीन पटरही घेतला, पण स्कोअर ९२ च्या खाली यायला तयार नाही. शेवटच्या राउंडचा रिपोर्ट जोडलाय. अजून किती पटिंग करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर: काका, पटिंग थोडे दिवस बाजूला ठेवा. तुमच्या रिपोर्टमध्ये १४ पैकी ७ फेअरवे (कापलेल्या मधल्या पट्ट्यावर पडलेले पहिले फटके), १८ पैकी ३ ग्रीन (दोन पट राखून वेळेत गाठलेली), ३५ पट्स, दोनदा ओबी (बॉल हद्दीबाहेर), एकदा पाणी असं सगळं ठळक दिलंय, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे जी तुम्ही बहुतेक वाचलीच नसणार: पहिल्या पटचं सरासरी अंतर २० फूट. सगळी गोष्ट त्या ओळीत आहे.

पीजीए टूरवरचा (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धामालिका) प्रो २० फुटांवरून सरासरी १.८७ पट्स घेतो. म्हणजे तुमच्या जागी तो अठराही होलवर २० फुटांवर उभा राहिला असता तरी त्याचे साधारण ३४ पट्स झाले असते. तुमचे ३५. त्याच्यापेक्षा तुम्ही जेमतेम सव्वा स्ट्रोक (फटका) मागे आहात, आणि तो पोटासाठी खेळतो! टीव्हीवर त्याचे २८-२९ दिसतात ते वेगळ्या कारणाने, त्याला साधारण १२ ग्रीन सापडतात आणि जी चुकतात तिथून तो चिप करून (ग्रीनजवळून मारलेला छोटा फटका) बॉल होलजवळ आणून ठेवतो, मग बऱ्याचदा एकच पट लागतो. म्हणजे पट्सच्या आकड्यात चिपिंग मिसळलेलं असतं, अ‍ॅप्रोच (लांबून ग्रीनकडे मारलेला फटका) मिसळलेला असतो, सगळंच मिसळलेलं असतं. नुसते पट्स मोजून पटिंग कसं आहे ते कळत नाही, आणि तरीही प्रत्येक अ‍ॅप हा आकडा सगळ्यात वर का दाखवतं हे मला आजवर समजलेलं नाही.

हाच घोळ सोडवायला 'स्ट्रोक्स गेन्ड' आलं. कोलंबिया विद्यापीठातले प्रोफेसर मार्क ब्रॉडी यांनी त्याची मांडणी केली, टूरच्या शॉटलिंक यंत्रणेत प्रत्येक शॉटची नोंद होतच होती त्यामुळे आकडेवारी तयारच होती, आणि २०११ पासून पीजीए टूरने ते आधी पटिंगसाठी अधिकृतपणे वापरायला सुरुवात केली. कल्पना सोपी आहे हो, नाव ऐकून घाबरू नका. कुठल्याही जागेवरून होल संपवायला सरासरी किती स्ट्रोक लागतात ते माहीत आहे, मग तुमचा शॉट मारायच्या आधी किती लागणार होते आणि मारल्यावर किती लागतील यातला फरक काढायचा आणि त्यातून तो एक स्ट्रोक वजा करायचा. ४०० यार्डांच्या होलच्या टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) टूरची सरासरी ३.९९. ड्राइव्ह (टीवरून मारलेला लांब फटका) फेअरवेवर पडला आणि १६० यार्ड उरले तर तिथून २.९८. म्हणजे ३.९९ वजा २.९८ वजा १, आलं ०.०१, ड्राइव्ह सरासरीइतकाच. तोच बॉल १६० वरच पण रफमध्ये (लांब गवतात) पडला तर तिथून ३.२३ लागतात, पाव स्ट्रोक गेला. आणि ओबी गेला तर? तुम्ही पुन्हा त्याच टीवर उभे, आता तिसरा स्ट्रोक मारताय. दोन स्ट्रोक गेले, पूर्ण दोन.

आता तुमचा हिशेब करू. दोन ओबी म्हणजे ४ स्ट्रोक, पाण्यातला एक किमान धरला तरी ५. पटिंगमध्ये सव्वा. आणि घाम कुठे गाळला तुम्ही? ब्रॉडींच्या अभ्यासातही हेच आलं की चांगल्या आणि साधारण खेळाडूंच्या स्कोअरमधला साधारण दोन तृतीयांश फरक १०० यार्डांच्या बाहेरच्या शॉट्समधून पडतो. 'ड्राइव्ह दाखवायला, पट कमवायला' असं क्लबात सगळे म्हणतात, ऐकायला बरं वाटतं, आकडे तसं म्हणत नाहीत.

करायचं काय, तर ज्या दोन होलवर ओबी गेला ते अ‍ॅपमध्ये उघडा आणि आधीच्या राउंड्समध्ये त्याच होलवर बॉल कुठे गेलाय ते नकाशावर बघा. बहुतेक वेळा एकाच बाजूला ठिपक्यांचा गठ्ठा दिसतो. तिथे ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) ठेवून हायब्रिड (त्याहून आखूड जाणारी) घ्या. २० यार्ड मागे राहिलात तर तोटा किती, फेअरवेवर १६० ऐवजी १८० उरले तर २.९८ चे ३.०८ होतात, म्हणजे एक दशांश स्ट्रोक. दोन स्ट्रोकपुढे हे काहीच नाही. पण म्हणून सगळीकडे ड्रायव्हर बंद करू नका, जिथे जागा मोकळी आहे तिथे लांब मारणं फायद्याचंच असतं. आणि सेटिंगमध्ये जाऊन तुलना 'टूर प्रो' वरून काढून '१५ हँडिकॅप' वर लावा, नाहीतर दर रविवारी उणे वीस बघून ब्लडप्रेशर वाढेल. नवीन पटर ठेवा, काही बिघडत नाही.

प्रश्न: माझं ७ आयर्न (मधल्या अंतराची लोखंडी काठी) १५० यार्ड जातं हे मला माहितीये. अ‍ॅप १३४ दाखवतं. अ‍ॅप चुकतंय ना? (ठाणे)

उत्तर: नाही.

बरं, थोडं सविस्तर. तुम्हाला आठवतात ते दीडशे यार्ड म्हणजे ज्या दिवशी मागून वारा होता, जमीन कडक होती आणि बॉल अगदी मधोमध लागला होता त्या दिवशीचे. अ‍ॅपला ते सगळे आठवतात, पातळ लागलेला (बॉलच्या वरच्या भागावर), जाड लागलेला (आधी जमिनीला), तोही. बहुतेक चांगली अ‍ॅप्स अगदीच फसलेले शॉट बाजूला काढून मग 'नेहमीचं अंतर' देतात, म्हणजे १३४ हा बराच उदार आकडा आहे असं समजा. तुमच्या क्लबात जरा उभं राहून बघा, ग्रीन चुकलेले किती बॉल पिनच्या (होलमधल्या झेंड्याच्या) मागे पडतात आणि किती अलीकडेच राहतात. बहुतेक आखूडच. कारण प्रत्येकजण आपल्या आठवणीतल्या अंतराने क्लब (काठी) निवडतो.

एक मात्र बघा, सिम्युलेटरवर जो आकडा येतो तो बऱ्याचदा कॅरी असतो, म्हणजे हवेतलं अंतर, आणि जीपीएसवालं अ‍ॅप बॉल होता तिथपासून थांबला तिथपर्यंत मोजतं, म्हणजे घरंगळणं धरून. आपल्याकडे पावसाळ्यात बॉल पडतो तिथेच रुततो, एप्रिल-मेमध्ये तोच ड्राइव्ह टणक फेअरवेवर कुठच्या कुठे पळतो. म्हणून जुलै आणि मे एकत्र करून सरासरी काढली तर ती दोन्ही ऋतूंत निरुपयोगी. तारखेचा फिल्टर असतो, तो लावा, जून ते सप्टेंबर वेगळं बघा. आणि 'पुण्यात उंचीमुळे बॉल लांब जातो' हे जे सांगतात ते खरंय पण थोडंसंच, १००० फुटांना साधारण एक-सव्वा टक्का, पुणे अठराशे फुटांच्या आसपास, म्हणजे २०० यार्डांमागे चारेक यार्ड. सोळा यार्डांचा फरक त्याने भरून निघत नाही.

प्रश्न: ग्रिपच्या टोकाला लावायचे सेन्सर घेतले. ड्राइव्ह बरोबर पकडतं पण ग्रीनवर सगळा गोंधळ, ३ फुटांचा पट ११ फूट दाखवतं, टॅप-इन (अगदी होललगतचा पट) धरतच नाही, कधी कधी पूर्ण होलच गायब. आयटीत काम करतो, टेक्नॉलॉजीची भीती नाही, पण वैताग आलाय. (नवी मुंबई)

उत्तर: यातलं अर्धं जीपीएसचं आहे, अर्धं फोनचं. फोनचं जीपीएस उघड्या आकाशाखालीही चार-पाच मीटर इकडेतिकडे असतं, झाडाखाली आणखी. २०० यार्डांच्या ड्राइव्हला पाच मीटर म्हणजे काहीच नाही, पण ग्रीनवर पाच मीटर म्हणजे १६ फूट! त्यामुळे पट्सचं अंतर आपोआप बरोबर येईल ही अपेक्षाच सोडा. पहिला पट किती लांब आहे ते पावलं टाकून मोजा, एक मोठं पाऊल म्हणजे साधारण ३ फूट, आणि तो एकच आकडा हाताने टाका. पिन कुठे होती तेही नकाशावर सरकवा, नाहीतर अ‍ॅप ग्रीनचा मध्य धरून चालतं आणि तुमचे अ‍ॅप्रोच, चिप, पट तिन्हींचे हिशेब बिघडतात.

होल गायब होण्याचं कारण वेगळं. आर्कोससारख्या सिस्टिममध्ये सेन्सर क्लब ओळखतो पण बॉल लागल्याचा आवाज फोनचा माइक ऐकतो, म्हणून फोन पुढच्या खिशात लागतो, कार्टमध्ये किंवा कॅडीकडच्या बॅगेत ठेवला की संपलं. त्यात अँड्रॉइड फोनचा बॅटरी सेव्हर मागे चालू असलेलं अ‍ॅप गुपचूप बंद करतो, तो या अ‍ॅपपुरता बंद करा आणि लोकेशनची परवानगी 'नेहमी' वर ठेवा. खिशात फोन नकोच असेल, किंवा तुमच्या क्लबात कोर्सवर फोनच चालत नसेल, तर घड्याळवाली सिस्टिम बघा. शॉट स्कोपचे टॅग बिनबॅटरीचे असतात, घड्याळ मनगटावर, आणि वर्षाला पैसे भरायची भानगड नाही. गार्मिनचं घड्याळ आधीच असेल तर त्यांचेही क्लबला लावायचे सेन्सर मिळतात.

बाकी गिमीचं म्हणाल तर ते कुठल्याच मशीनला कळत नाही. समोरचा 'उचल रे' म्हणाला आणि तुम्ही उचलला, अ‍ॅपच्या दृष्टीने तो होल अर्धवट. मलिगन (फसलेला फटका न मोजता पुन्हा मारणं), झाडामागून कॅडीच्या पायाने जादू होऊन बाहेर आलेला बॉल, हे सगळं आपल्याकडे चालतं आणि अ‍ॅप बिचारं ते खरं धरतं, की काय रिकव्हरी मारली पठ्ठ्याने! म्हणून राउंड झाला की चहा येईपर्यंत तिथेच बसून अठरा होल एकदा बघून घ्यायचे, राहिलेले पट टाकायचे, पेनल्टी टाकायची. घरी गेल्यावर करू म्हणालात की होत नाही, कुठला होल कुठला तेही आठवत नाही. कॅडीला विचारा, त्याला आठवतं. पुढे उभा राहून बॉल बघणारा आगेवाला असेल तर त्याला तर तुमचा प्रत्येक ड्राइव्ह कुठल्या झाडाला लागला तेही पाठ असतं.

प्रश्न: हा प्रश्न गोल्फचा आहे की नाही माहीत नाही. मिस्टर दर रविवारी जेवताना फोन पुढे धरून 'हे बघ माझं अ‍ॅप्रोच' म्हणून चार्ट दाखवतात. मला गोल्फमधलं काही कळत नाही. मी काय बोलायचं? (एक गृहिणी, कोथरूड)

उत्तर: ताई, गोल्फचाच प्रश्न आहे, आणि यातून त्यांचा फायदा होऊ शकतो. त्यांना म्हणा, चार्ट नको, फक्त एका वाक्यात सांगा की आज स्ट्रोक कुठे गेले. 'आज तीन वेळा बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) बाहेरच निघालो नाही' असं एक वाक्य त्यांना सांगता आलं तर त्यांनी रिपोर्ट नीट वाचलाय. 'अ‍ॅक्च्युअली ओव्हरऑल ट्रेंड चांगला आहे पण' असं सुरू झालं तर वरण वाढा आणि विषय बदला.

प्रश्न: आमच्या क्लबच्या मंथली मेडलमध्ये (महिन्याच्या स्पर्धेत) एकाने माझ्या अ‍ॅपवर आक्षेप घेतला, म्हणे मदत घेतोस. कमिटीने सोडून दिलं पण नियम नक्की काय आहे? (नागपूर)

उत्तर: गोल्फच्या नियमांतला ४.३. अंतर बघायला परवानगी आहे, २०१९ च्या नियमांपासून ती मुळातच आहे, फक्त कमिटीला हवं असेल तर स्थानिक नियम करून ते बंद करता येतं, म्हणून स्कोअरकार्डच्या मागचं बारीक छापलेलं वाचा. शॉट रेकॉर्ड करून राउंडनंतर बघायलाही परवानगी आहे. आधीच्या राउंड्सवरून काढलेली क्लबची अंतरं चिठ्ठीवर लिहून नेलीत तरी चालतं.

काय चालत नाही तर चढ-उतार मोजणं, कोर्सवर वारा मोजणं, आणि बॉल आत्ता आहे तिथून 'हा क्लब घे, इकडे मार' असा सल्ला मशीनकडून घेणं. नेमकं हेच फीचर अ‍ॅपवाले सगळ्यात जोरात विकतात, 'चढ धरून १६३', 'तुमच्यासाठी ६ आयर्न' वगैरे. सरावाला मस्त आहे, स्पर्धेत पहिल्यांदा वापरलंत की स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन स्ट्रोकचा दंड, पुन्हा वापरलंत की स्पर्धेतून बाद. ते फीचर फोनमध्ये नुसतं असणं हा गुन्हा नाही, वापरणं आहे. बहुतेक अ‍ॅप्समध्ये टूर्नामेंट मोड असतो, पहिल्या टीवर तो चालू करा आणि आक्षेप घेणाऱ्याला स्क्रीन दाखवा, तिथेच मिटतं. सिस्टिमवाल्याने 'लीगल' असं डब्यावर छापलं असलं तरी ते या मोडपुरतंच धरा.

प्रश्न: हँडिकॅप १४ आहे पण अ‍ॅप म्हणतं सरासरी पारच्या (कोर्सला ठरवून दिलेल्या फटक्यांच्या) वर १९. मित्र म्हणतात सँडबॅगरच्या (जिंकायला हँडिकॅप मुद्दाम जास्त दाखवणाऱ्याच्या) उलटा आहेस, खोटा हँडिकॅप लावून मिरवतोस. मी एकही कार्ड लपवलेलं नाही! (मुंबई)

उत्तर: लपवायची गरजही नाही, दोन्ही आकडे बरोबर आहेत. २०२० पासूनच्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये शेवटच्या २० स्कोअरमधले सगळ्यात चांगले ८ घेतात, बाकीचे १२ मोजतच नाहीत. म्हणजे हँडिकॅप सांगतो तुम्ही तुमच्या चांगल्या दिवशी कसे खेळता, आणि अ‍ॅप सांगतं रोज कसे खेळता. शिवाय कोर्स किती अवघड तेही धरतात. समजा रेटिंग ७१ आणि स्लोप १२५ (दोन्ही कोर्सच्या अवघडपणाची मापं) असलेल्या कोर्सवर ९० मारलेत, तर ९० वजा ७१ म्हणजे १९, त्याला ११३ ने (प्रमाण स्लोप) गुणून १२५ ने भागायचं, येतात १७.२. म्हणजे १९ वाटणारा दिवस हँडिकॅपच्या भाषेत १७ चाच होता. त्यात एखाद्या होलवर ९ झाले तर हँडिकॅपसाठी ते नेट डबल बोगीवर (पार अधिक दोन, अधिक हँडिकॅपमुळे त्या होलवर मिळणारे स्ट्रोक) कापतात, अ‍ॅपच्या सरासरीत मात्र ९ चे ९ च राहतात. हे सगळं बेरजेला घेतलं की पाचचा फरक अगदी घरगुती आहे. खरं तर दोन आकड्यांत जितकी जास्त दरी तितका तुमचा खेळ वर-खाली होतो, आणि ते मला हँडिकॅपपेक्षा जास्त कामाचं वाटतं. मित्रांना हे समजावत बसू नका, पैज लावा, पण ग्रॉसवर (हँडिकॅप वजा न केलेल्या स्कोअरवर) नको.

प्रश्न: न्यू जर्सीत असतो. थंडी सुरू झाली, कोर्स बंद, हँडिकॅपला स्कोअरही पोस्ट होत नाहीत. अ‍ॅपमध्ये पूर्ण सीझनचा डेटा पडलाय, सबस्क्रिप्शनही रिन्यू करायचं का ते ठरवायचंय. घरात बसून या डेटाचं नेमकं काय करता येईल? हँडिकॅप ११. (न्यू जर्सी)

उत्तर: सगळ्यात आवडता प्रश्न हा, कारण बाकीचे सगळे रविवारी रात्री एकाच राउंडचा रिपोर्ट बघून सोमवारी स्विंग बदलतात. एका राउंडमध्ये तुम्ही बंकरमधून दोन शॉट मारता, दोनवरून 'सँड सेव्ह ०%' (बंकरमधून काढून एका पटमध्ये होल संपवणं) असा लाल गोल आला तर त्याला काय अर्थ आहे. सीझन संपल्यावर बघणं हेच खरं बघणं.

पहिली गोष्ट, डॅशबोर्ड उघडूच नका. वर्षातले सगळे डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त) आणि त्याहून वाईट होल एक एक करून उघडा आणि वहीत कारण लिहा, एका शब्दात. ओबी, पाणी, झाडात अडकला, चिप दोनदा, तीन पट. ११ हँडिकॅपला दर राउंडला दोन-तीन तरी असतात, त्यामुळे एक संध्याकाळ जाईल, पण मला वाटतं सबस्क्रिप्शनचे निम्मे पैसे त्या एका संध्याकाळीच वसूल होतात. तुमच्यासारख्याचं बहुतेक असं निघतं की वाईट शॉट एकच होता आणि त्याच्या पुढचा शॉट मूर्खपणाचा होता, झाडांमधल्या खिडकीतून ग्रीन दिसलं म्हणून मारला. नकाशावर ते स्पष्ट दिसतं, झाडात एक ठिपका आणि त्याच झाडात दुसरा ठिपका. याला रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाऊन काहीच करायचं नसतं, आडवं मारून फेअरवेवर यायचं असतं फक्त.

मग अ‍ॅप्रोच. इथे सगळ्यात जास्त खजिना असतो. अंतराचे गट करा, ५० ते १००, १०० ते १५०, १५० ते २००. प्रत्येक गटात शॉटमागे किती स्ट्रोक गेले ते अ‍ॅप सांगेल, पण त्याला वर्षभरातल्या त्या गटाच्या शॉट्सच्या संख्येने गुणा, हे अ‍ॅप नीट करून दाखवत नाही. १९० यार्डांवरून तुम्ही खूप वाईट असाल पण तसे शॉट राउंडला एक-दोन येतात, आणि १३० वरून थोडेसेच वाईट असाल पण तसे पाच-सहा येतात. सराव कुठल्याचा करायचा ते गुणाकार सांगतो. त्यानंतर त्याच गटात चूक कुठल्या बाजूची ते बघा. आखूड, लांब, डावं, उजवं. आखूड ५०-६० टक्के निघालं तर स्विंगला हात लावू नका, पुढच्या सीझनला एक क्लब जास्त घ्या, बस. फुकट स्ट्रोक आहेत ते. उजवं निघालं आणि ड्रायव्हरही उजवाच असेल तर मग कोचकडे जायचं.

ड्रायव्हरच्या पसाऱ्याकडे बघताना दयाळू नजरेने बघा. टूरवरच्या प्रोंचेही ड्राइव्ह साठ-सत्तर यार्डांच्या पट्ट्यात पसरतात, त्यामुळे तुमचा पट्टा रुंद दिसला म्हणून खचू नका. पट्टा अरुंद करणं अवघड असतं, तो सरकवणं सोपं. उजवीकडे पाणी असेल तर पट्ट्याचा मध्यच डावीकडे न्यायचा, म्हणजे निशाण फेअरवेच्या डाव्या कडेवर. फेअरवे हिट टक्केवारी याने कदाचित कमीच होईल, होऊ दे. फेअरवेपासून एक फूट बाहेर पडलेला आणि जंगलात हरवलेला, दोघांनाही तो आकडा सारखाच 'चुकला' म्हणतो, त्याला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

पटिंगमध्ये तीन पट किती झाले एवढं न बघता ते किती फुटांवरून झाले ते बघा. ४० फुटांवरून झाले असतील तर अंतराचा अंदाज, म्हणजे पहिला पट किती जोरात, त्याचा सराव घरातल्या कार्पेटवर होत नाही, ते वसंतात बघू. १५ फुटांवरून होत असतील तर दुसरा पट, म्हणजे तीन-चार फुटांचा, तो मात्र कार्पेटवर होतो आणि तुमच्याकडे मार्चपर्यंत वेळ आहे. प्रोसुद्धा ८ फुटांवरून निम्मेच घालतात हे भिंतीवर लिहून ठेवा म्हणजे उगाच तिथून चुकल्याचं दुःख होणार नाही.

शेवटी क्लबची अंतरं एका कागदावर उतरवा. हमखास दोन क्लब सापडतील जे सारखंच जातात, बहुतेक ४ हायब्रिड आणि ५ आयर्न, आणि खाली वेजमध्ये (जवळच्या अंतराच्या क्लबांमध्ये) कुठेतरी ३० यार्डांचं भगदाड. बॅगेत १४ च ठेवता येतात, मग एक काढा आणि भगदाडात एक वेज टाका. हे झालं की पुढचं वर्ष सबस्क्रिप्शन घ्यायचं की नाही ते तुम्हालाच कळेल. वहीतल्या कारणांमध्ये तीन चतुर्थांश ओबी आणि झाडंच असतील तर पुढच्या वर्षी फुकटचं अ‍ॅप आणि पेन्सिल पुरेल. अ‍ॅप्रोचमध्ये गुंता असेल तर पैसे भरा.

प्रश्न: मुलगी १२ वर्षांची, दोन वर्षं खेळतेय, आता ज्युनियर स्पर्धा सुरू करणार. बाकीच्या पालकांच्या हातात अ‍ॅप्स, स्प्रेडशीट, काय काय असतं. आपणही तिचं सगळं ट्रॅक करायला हवं का? (नाशिक)

उत्तर: सगळं नको. १२ व्या वर्षी उंची वाढत असते, दर काही महिन्यांनी क्लब जाड-पातळ लागायला लागतात, अंतरं बदलतात, त्यामुळे मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीला काही अर्थच उरत नाही. तिलाच स्कोअरकार्डवर तीन खुणा करायला सांगा: पेनल्टी कुठे, तीन पट कुठे, आणि ग्रीनच्या जवळून दोनपेक्षा जास्त कुठे लागले. स्वतः लिहिलं की लक्षात राहतं, आणि घरी येताना गाडीत तुम्ही प्रश्न विचारत बसायची गरज पडत नाही, जी बऱ्याच मुलांना खेळापेक्षा जास्त नकोशी होते.

तुमच्या मेलमध्ये पुढे लिहिलंय की ती लांब मारत नाही म्हणून काळजी वाटते. अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली, रौप्य-कांस्यच्या प्लेऑफपासून एका स्ट्रोकने मागे, आणि ड्राइव्हच्या लांबीत ती मागेच होती, शॉर्ट गेम (ग्रीनजवळचे फटके) आणि पटिंगने ती शेवटच्या दिवसापर्यंत टिकली. आता मी वर काकांना पटिंग सोडा म्हणालो आणि इथे हे सांगतोय असं वाटेल, पण काकांचे स्ट्रोक ओबीत जात होते, तुमच्या मुलीचे कुठे जातात ते त्या तीन खुणांवरून कळू दे, मग कोचशी बोला. लांबी वयाबरोबर येते, स्पीडचा सराव काय आणि किती तेही कोचच ठरवू दे.

पुढे कधी अ‍ॅप घेतलंच तर अकाउंट तुमच्या ईमेलवर उघडा, प्रोफाइल पब्लिक ठेवू नका, कारण ही अ‍ॅप्स ती कुठल्या कोर्सवर किती वाजता होती ते नकाशासकट दाखवतात, आणि मित्रांच्या लीडरबोर्डवरून तिचं नाव काढा. ते सेटिंग बहुतेक ठिकाणी आधीपासून चालूच असतं, शोधून बंद करावं लागतं.